उत्तराच्या आधीची पानं

अकरावीच्या एका बॅचमधल्या वीस जणांनी साध्या लंबकाचा प्रयोग केला आणि वीसही जर्नलांत गुरुत्व त्वरणाचं उत्तर नेमकं 9.8 आलं, तर तपासणाऱ्याने खूश व्हावं की सावध? मी सावध होतो. मुंबईच्या अक्षांशावर गुरुत्व त्वरण सुमारे 9.79 मीटर प्रति सेकंद वर्ग आहे, त्यामुळे 9.8 हे काही चुकीचं उत्तर नाही. पण मीटरभर दोरा, हातातलं स्टॉपवॉच आणि वीस दोलनं एवढ्या भांडवलावर ते प्रत्येकाला हमखास मिळणं अवघड आहे. अशा लंबकाच्या वीस दोलनांना साधारण 40.17 सेकंद लागतात. बटण दाबताना बोट किंचित मागेपुढे होतंच. ही चूक 0.2 सेकंदाची धरली तर आवर्तकालात अर्ध्या टक्क्याचा फरक पडतो, आणि सूत्रात आवर्तकालाचा वर्ग असल्यामुळे उत्तरात एक टक्क्याचा. म्हणजे नीट केलेल्या वीस प्रयोगांची उत्तरं 9.69 पासून 9.88 पर्यंत पसरलेली दिसायला हवीत. ती सगळी एकाच आकड्यावर येऊन बसली असतील, तर उत्तर आधी ठरलं आणि रीडिंग मागून आली.

याला मुंबईच्या कॉलेजांत ‘रीडिंग कुक करणं’ म्हणतात. गिरगावपासून माटुंग्यापर्यंत कुठल्याही प्रयोगशाळेत हे शब्द कानावर पडतील. मुलं ते बिनदिक्कत बोलतात, कारण त्यात काही गैर आहे असं त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. जर्नल तपासताना आपण काय पाहतो? शीर्षकाखाली रेघ आहे का, आकृती पेन्सिलने काढली आहे का, नावं एका बाजूला लिहिली आहेत का, आणि शेवटी उत्तर पुस्तकातल्याशी जुळतं का. जुळलं की सही. मधली पानं कुणी वाचत नाही. प्रयोग मात्र त्या मधल्या पानांतच घडलेला असतो. अहवाल तपासणं म्हणजे ती पानं वाचणं, आणि अहवाल सुधारून घेणं म्हणजे तिऱ्हाइताला चूक कुठे झाली ते शोधता येईल अशी ती पानं लिहून घेणं, असं माझं म्हणणं आहे.

लंबकाचंच उदाहरण पुढे नेऊ. आकडे खरे असतील तर चुकीचं उत्तर फार बोलकं असतं. एखाद्याचं उत्तर 10.84 आलं, तर त्याने लंबक सोडतानाच ‘एक’ म्हटलं असणार, म्हणजे वीस समजून एकोणीसच दोलनं मोजली. 8.88 आलं तर एकवीस मोजली. 9.45 च्या आसपास आलं तर त्याने लंबक तीसेक अंशांपर्यंत ओढून सोडला का, हे विचारायला हवं. आपलं सूत्र लहान झोक्यापुरतंच खरं आहे, मोठ्या झोक्यात आवर्तकाल वाढतो. 9.69 आलं तर दोन शक्यता उरतात: बटण उशिरा दाबलं, किंवा लांबी मोजताना फक्त दोरा मोजला आणि गोळ्याची त्रिज्या मिळवायची राहिली. गोळ्याचा व्यास दोन सेंटिमीटर असेल तर एवढ्याने बरोबर तेवढाच फरक पडतो.

यातली कुठली शक्यता खरी, ते एका रीडिंगवरून कळत नाही. इथे आलेख कामाला येतो. दोरा 60, 70, 80, 90 आणि 100 सेंटिमीटर घ्यायचा, प्रत्येक लांबीला तीन-तीनदा वेळ मोजायची, आणि लांबी विरुद्ध आवर्तकालाचा वर्ग असा आलेख काढायचा. त्रिज्या विसरली असेल तर रेषेचा चढ बदलत नाही, पण रेषा आरंभबिंदूतून जात नाही. मागे वाढवली तर ती लांबीच्या अक्षाला शून्याच्या एक सेंटिमीटर डावीकडे छेदते. विसरलेली त्रिज्या तिथे उघडी पडते, आणि चढावरून काढलेलं गुरुत्व त्वरण तरीही बरोबर येतं. प्रत्येक लांबीचं वेगळं उत्तर काढणाऱ्याला हाच दोष दुसऱ्या रूपात दिसेल: मीटरभर दोऱ्याला 9.69, तर 60 सेंटिमीटरला 9.63. दोरा जितका आखूड, तितकी चूक मोठी. हे ज्याला स्वतःच्या वहीत दिसलं, त्याला प्रयोगातली ठरावीक चूक आणि हाताची अनिश्चितता यांतला फरक वेगळा शिकवावा लागत नाही.

बहुतेक जर्नलांत मात्र आरंभबिंदूतून पट्टी लावून रेषा ओढलेली असते, कारण ‘ती तिथून जायलाच हवी’. बिंदू रेषेच्या वर राहिले काय, खाली राहिले काय. तपासणाऱ्याने पहिली नजर इथे टाकावी.

दुसरी गोष्ट सगळ्या बॅचने मिळून करण्याची आहे. वीस जणांची उत्तरं फळ्यावर एकाखाली एक लिहावीत, नावं न लिहिता. खरी असतील तर ती विखुरलेली दिसतील, आणि त्यांची सरासरी कुठल्याही एकट्या उत्तरापेक्षा भरवशाची असेल. स्वतंत्र मापनं जितकी जास्त, तितकी सरासरीतली अनिश्चितता त्यांच्या वर्गमुळाच्या प्रमाणात कमी होते. वीस मापनांत ती साडेचार पट घटते. तेवढ्यावर मुंबईचं 9.79 आणि लंडनचं 9.81 यांतला फरक डोकवायला लागतो. कुक केलेल्या वीस उत्तरांतून मात्र काहीच कळत नाही. अर्थात, सगळ्यांनीच त्रिज्या सोडली असेल तर सरासरीने ती चूक धुऊन निघणार नाही, हेही त्याच फळ्यावर दाखवता येतं.

आपल्याकडे रफ जर्नल आणि फेअर जर्नल अशा दोन वह्या असतात आणि तपासली जाते ती फेअर. सुवाच्य अक्षर, उजव्या पानावर मजकूर, डावीकडच्या कोऱ्या पानावर आकृती आणि आकडेमोड. फेअर वही घरी बसून, पुष्कळदा मित्राची समोर ठेवून लिहिली जाते. तिच्यावर खोडाखोड नसते म्हणून ती चांगली दिसते. खरं तर प्रयोग चालू असताना लिहिलेली वही हाच मूळ पुरावा असतो, आणि अहवालाबरोबर ती मागून घ्यायला हवी. चुकलेल्या आकड्यावर एकच आडवी रेघ मारायची, आकडा खालून वाचता आला पाहिजे, आणि बाजूला कारण लिहायचं: ‘पंखा चालू होता’, ‘मोजणी चुकली, पुन्हा घेतलं’. खोडरबर आणि व्हाइटनर रीडिंगच्या तक्त्याजवळ फिरकूही देऊ नये. औषधं बनवणाऱ्या कारखान्यांच्या प्रयोगशाळांत आजही हाच नियम आहे, आणि तो मोडणं हा तिथे गंभीर गुन्हा समजतात.

अशा बारीकसारीक नोंदींचं मोल काय, याचा सर्वांत मोठा दाखला याच शहरात, परळला आहे.

मुंबईत 1896 च्या सप्टेंबरात मांडवीमध्ये प्लेगचे रुग्ण सापडले, डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी तो प्लेग असल्याचं ओळखलं. सरकारने वाल्देमार हाफकिन या शास्त्रज्ञाला मुंबईत बोलावून घेतलं. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये तयार झालेला, पटकीची लस बनवून भारतात आलेला हा माणूस. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्याला काम करायला तुटपुंजी जागा मिळाली. तिथे त्याने प्लेगची लस तयार केली आणि 10 जानेवारी 1897 रोजी पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली. दोन वर्षांनी, 1899 मध्ये, ही प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाउसमध्ये आली. आज आचार्य दोंदे मार्गावर असलेली हाफकिन संस्था ती हीच. हाफकिनचं नाव तिला 1925 मध्ये मिळालं.

पंजाबातल्या मुल्कोवाल गावी 30 ऑक्टोबर 1902 रोजी परळहून गेलेली लस 107 जणांना टोचली गेली. त्यांतल्या 19 जणांना पुढे धनुर्वात झाला आणि ते सगळे दगावले. त्या 19 जणांना लस एकाच बाटलीतून दिली होती. बाटलीचा क्रमांक 53-एन. बाकीच्या 88 जणांना काही झालं नाही.

चौकशीसाठी मुंबईचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला. लस करण्याच्या पद्धतीत परळला एक बदल झाला होता: लसीत कार्बोलिक आम्ल घालणं बंद करून नुसत्या उष्णतेवर भर दिला होता. आयोगाचं मत असं पडलं की धनुर्वाताचे जंतू बाटली उघडण्याआधीच, म्हणजे प्रयोगशाळेतच तिच्यात शिरले असावेत. हाफकिनला पदावरून दूर व्हावं लागलं. प्लेगचा कहर चालू असताना प्लेगची लस शोधणारा माणूस देशाबाहेर गेला.

पण चौकशीचे कागद जेव्हा प्रसिद्ध झाले तेव्हा इतरांनी ते वाचले. हिवतापावरच्या संशोधनासाठी नोबेल मिळवलेले रोनाल्ड रॉस त्यांतलेच एक. त्यांनी निष्कर्षापासून सुरुवात केली नाही, नोंदींपासून केली. मुल्कोवालच्या डॉक्टरने बाटली उघडताना वास घेतला होता आणि दुर्गंधी नव्हती, असं कागदात होतं. धनुर्वाताचे जंतू त्या बाटलीत कित्येक दिवस वाढले असते तर वास आल्याशिवाय राहिला नसता. रुग्णांना लक्षणं दिसायला सुमारे आठवडा गेला, हेही कागदात होतं. बाटलीत जंतूंचं विष तयार होऊन साठलं असतं तर लक्षणं त्याहून लवकर दिसली असती. आठवडा गेला याचा अर्थ थोडेसे जंतू टोचण्याच्या वेळी आत गेले आणि नंतर शरीरात वाढले. आणि तिसरी नोंद: बाटलीचं बूच काढायचा चिमटा मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला होता, आणि तो नियमाप्रमाणे निर्जंतुक न करता वापरला गेला. गावातल्या मातीत धनुर्वाताचे जंतू असतातच.

जुलै 1907 मध्ये लंडनच्या टाइम्समध्ये दहा तज्ज्ञांच्या सह्यांचं पत्र आलं: परळच्या प्रयोगशाळेवरचा आरोप पुराव्यांत टिकत नाही. त्या वर्षअखेर सरकारने हाफकिनला पुन्हा भारतात काम करायची मुभा दिली आणि तो कलकत्त्याला रुजू झाला.

या प्रकरणात मला सारखं जाणवतं ते हे की आयोगासमोर आणि रॉससमोर पुरावे तेच होते. वास नव्हता, लक्षणं उशिरा आली, चिमटा पडला, या तिन्ही गोष्टी सांगणाऱ्याला त्या क्षणी किरकोळ वाटल्या असतील. त्या कुणीतरी कागदावर आणल्या म्हणूनच चार-पाच वर्षांनी हजारो मैलांवरच्या माणसाला निष्कर्ष तपासता आला. ‘बाटली उघडून लस टोचली’ एवढंच लिहिलं असतं तर हाफकिनची सुटका कधीच झाली नसती. आणि उलट अंगाने पाहिलं तर, कृतीत केलेला बदल, म्हणजे कार्बोलिक आम्ल वगळणं, हा संशयाचं मूळ ठरला. कृती बदलली तर का बदलली आणि बदलानंतरही ती सुरक्षित आहे हे कशावरून, हे अहवालात ठसठशीत असायला हवं, हा धडाही त्यातच आहे.

परळमधलंच दुसरं काम चांगल्या अहवालाचा नमुना म्हणून कुठल्याही शाळेत दाखवावं असं आहे. प्लेग उंदराकडून माणसाकडे जातो कसा, हे 1905 नंतर इथे ग्लेन लिस्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोग करून पाहिलं. मुद्दाम बांधलेल्या खोल्यांमध्ये त्यांनी प्लेग झालेल्या उंदरांच्या पिसवा सोडल्या आणि गिनिपिग ठेवले. काही गिनिपिग पिंजऱ्यात घालून जमिनीपासून दोन इंचांवर टांगले, काही दोन फुटांवर. दोन इंचांवरच्यांना प्लेग झाला, दोन फुटांवरच्यांना नाही. हवेतून संसर्ग होत असता तर दीड-दोन फुटांच्या उंचीने तो चुकला नसता. पिसूच्या उडीला मात्र ही उंची गाठता येत नाही. आणि पिसवा नसलेल्या खोलीत आजारी आणि निरोगी जनावरं एकत्र ठेवली तरी रोग पसरला नाही. हे अहवाल 1906 पासून जर्नल ऑफ हायजीनमध्ये छापून आले.

आता कल्पना करा की त्या अहवालात ‘काही पिंजरे खाली आणि काही वर ठेवले’ एवढंच असतं. वाचणाऱ्याने काय करायचं? आपल्या मुलांच्या जर्नलांत हेच असतं: ‘थोडं आम्ल घेतलं’, ‘काही वेळ तापवलं’, ‘रंग बदलला’. किती, किती वेळ, कुठल्या रंगावरून कुठल्या रंगावर, हे विचारलं की गोंधळतात, कारण गाईडात तसं लिहिलेलं नसतं. अहवाल सुधारून घेण्यासाठी मी एकच कसोटी वापरतो: हा कागद शेजारच्या वर्गातल्या मुलीला दिला, आणि लिहिणाऱ्याला गप्प बसवलं, तर तिला हाच प्रयोग करता येईल का? वर्गात खरोखर तसं करून पाहावं. एका तासात कृतीतली सगळी भोकं बाहेर येतात, आणि शिक्षकाने एकही लाल खूण न करता येतात.

कुलाब्याच्या वेधशाळेची गोष्टही इथे सांगायला हवी. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या नोंदी तिथे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून घेतल्या जात होत्या. मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्राम येणार, त्यांच्या प्रवाहाने नोंदी बिघडणार, हे दिसू लागल्यावर वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांनी चुंबकीय निरीक्षणं अलिबागला हलवली. तिथली इमारत चुंबकाला न चाळवणाऱ्या सामग्रीची बांधली. पण कुलाबा एका दिवसात बंद केलं नाही. 1904 ते 1906 अशी दोन वर्षं दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी चालू ठेवल्या, म्हणजे जुन्या आणि नव्या आकड्यांमधला फरक नेमका कळावा आणि साखळी तुटू नये. प्रयोगाच्या मधेच स्टॉपवॉच बदललेल्या मुलाला ही गोष्ट सांगावी. दोन्ही घड्याळांनी एकच वेळ मोजून पाहिली असती तर त्याचं तक्त्याचं अर्धं पान फुकट गेलं नसतं.

आता तपासण्याच्या रीतीबद्दल. शुद्धलेखनापासून सुरुवात करू नये. पहिल्या वाचनात पेन हातात घेऊ नये, फक्त तक्ता आणि आलेख वाचावा, आणि मग निष्कर्ष त्यांवर उभा आहे का ते पाहावं. नंतर कृती. अक्षर, रेघा, शीर्षक सगळ्यांत शेवटी. समासात उत्तर लिहून देण्यापेक्षा प्रश्न लिहावा: ‘तिसरं रीडिंग इतरांपासून एवढं दूर का?’, ‘लांबी कुठून कुठपर्यंत मोजली?’, ‘हा आकडा दशांशाच्या चार स्थळांपर्यंत लिहिला आहे, तुझी पट्टी मिलिमीटरपर्यंतच वाचता येते ना?’ हा शेवटचा प्रश्न कॅल्क्युलेटर आल्यापासून फार वेळा विचारावा लागतो. 9.7858321 असं उत्तर लिहिणाऱ्याला आपण फार अचूक आहोत असं वाटतं, तर मीटरपट्टी आणि अंगठा त्याला दुसऱ्या दशांशापर्यंतही धड नेत नाहीत.

एका अहवालात तीनच प्रश्न विचारावेत. चाळीस लाल खुणा पाहिल्या की मूल वही मिटतं, आणि पुढच्या वेळी मित्राची वही उतरवतं. आणि अहवाल परत लिहून आणायची संधी द्यायलाच हवी, नाहीतर हे प्रश्न कुणासाठी विचारले? शिक्षकांच्या हाताखाली साठ-साठ मुलं असतात हे मी पाहतो. सगळी जर्नलं अशी वाचणं शक्य नाही. पण सत्रात प्रत्येकाचा एक तरी प्रयोग असा वाचला जावा, बाकीच्यांवर नेहमीची सही होऊ दे.

जाडीचा मोह मात्र सोडवून घ्यावा. रंगीत मुखपृष्ठ, प्लास्टिकची फाइल, इंटरनेटवरून उतरवलेली दहा पानांची प्रस्तावना, आणि प्रयोग दीड पानाचा, असे प्रकल्प दरवर्षी येतात. मुंबई विद्यापीठातून पदवी घेऊन बंगळूरला सर सी. व्ही. रामन यांच्या संस्थेत भांडून प्रवेश मिळवणाऱ्या आणि पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेत नीरेवर काम करणाऱ्या कमला सोहोनी यांनी 1939 मध्ये केंब्रिजमधून पीएच.डी. मिळवली, वनस्पतींच्या पेशींतल्या सायटोक्रोम-सी या प्रथिनावरच्या कामासाठी. तो प्रबंध जेमतेम चाळीस पानांचा होता.

शेवटी एक प्रकल्प जवळून पाहू. लालबाग-परळमध्ये गणेशमूर्तींच्या कार्यशाळा असल्यामुळे मूर्ती पाण्यात विरघळण्याचा विषय दरवर्षी कुणी ना कुणी घेतंच. सहावी आणि नववीच्या मुलांसाठी होणाऱ्या डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेत लेखी आणि प्रात्यक्षिक परीक्षेनंतर प्रकल्पाचा टप्पा असतो, त्यासाठीही तो निवडला जातो. समजा नववीतल्या मुलीने लिहिलं आहे: ‘शाडूची मूर्ती बादलीत ठेवली, ती एका दिवसात विरघळली. पीओपीची मूर्ती दहा दिवसांनीही विरघळली नाही. म्हणून शाडूची मूर्ती पर्यावरणपूरक आहे.’

हेतू चांगला, निष्कर्ष सगळ्यांना पटणारा, आणि पहिल्या वाचनात शाबासकी देऊन मोकळं व्हावंसं वाटणारा. पण अहवालात एकही वजन नाही. तिला पहिला प्रश्न: मूर्ती किती ग्रॅमची, पाणी किती लिटर? दुसरा: बादलीच्या तळाशी काय होतं? तिसरा: प्रयोग तू एकेका मूर्तीवर केलास, रंग दोन्हींना सारखाच होता का?

ती परत प्रयोग करते. आता रंग न दिलेले 100 ग्रॅमचे गोळे, दोन्ही प्रकारचे तीन-तीन, प्रत्येकी दहा लिटर पाण्यात. शाडूचे गोळे खरंच दिवसाभरात कोसळतात. पण तळाशी बसलेला गाळ फडक्यातून गाळून, वाळवून तोलला की जवळजवळ सगळं वजन परत मिळतं. शाडू विरघळलेलीच नसते. तिचे कण सुटे होऊन खाली बसलेले असतात. पीओपीचं उलट. पाणी लागून घट्ट झालेलं प्लास्टर म्हणजे जिप्सम, आणि लिटरभर पाण्यात ते दोन-अडीच ग्रॅम विरघळू शकतं. दहा लिटरांत वीस-पंचवीस ग्रॅम, त्याहून जास्त नाही, मग गोळा दहा दिवस ठेवा नाहीतर वर्षभर. दहा दिवसांनी गोळा आकाराने तसाच दिसतो, वजन मात्र घटलेलं असतं. वाळवताना तो पंख्याखाली ठेवून दोन दिवस सारखं वजन येईपर्यंत थांबावं लागतं. ओव्हनमध्ये घातला तर जिप्सममधलं पाणी उडून जातं आणि वजनाचा सगळा हिशेब चुकतो. हे तिच्या पहिल्या प्रयत्नातच होण्याची शक्यता आहे, आणि झालं तर ते रीडिंगही रेघ मारून, कारणासकट वहीत राहू द्यावं.

म्हणजे जी ‘विरघळली’ असं लिहिलं होतं ती विरघळली नव्हती, आणि जी ‘विरघळली नाही’ ती थोडी विरघळली होती. डोळ्याला दिसलं ते खरं होतं, पण त्यावरून बांधलेलं अनुमान तराजूने फिरवलं. पर्यावरणाबद्दलचं वाक्य तिला आता वेगळं लिहावं लागेल, कारण तिच्या प्रयोगाने आकार किती लवकर मोडतो ते दाखवलं, गाळाचं आणि पाण्यात गेलेल्या सल्फेटचं पुढे काय होतं ते दाखवलं नाही. माझ्या मते शाडूची बाजू यामुळे पडत नाही. ती नीट मांडायची तर आणखी मोजावं लागेल, इतकंच.

तिला पुढे जायचं असेल तर वाटही तयार आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने पीओपीच्या मूर्ती घरच्या बादलीत अमोनियम बायकार्बोनेटच्या द्रावणात विघटित करण्याची पद्धत दिली आहे. त्यात जिप्समचं कॅल्शियम कार्बोनेट होऊन ते तळाशी बसतं आणि पाण्यात अमोनियम सल्फेट उतरतं, जे खत म्हणून झाडांना घालता येतं. हिशेबाने 100 ग्रॅम जिप्समला 92 ग्रॅम बायकार्बोनेट लागतं आणि 58 ग्रॅम पांढरी भुकटी मिळायला हवी. अमोनियाचा वास येतो, तेव्हा हे काम खिडकीजवळ किंवा चाळीच्या गॅलरीत करावं. भुकटी गाळून, पाण्याने धुऊन, वाळवून तिने तोलावी. ती 58 भरते की 66, आणि जास्तीचे आठ ग्रॅम ओलाव्याचे, न बदललेल्या पीओपीचे की नीट न धुतलेल्या सल्फेटचे, हे ठरवण्यासाठी अहवालात कुठल्या नोंदी हव्यात, हा तिच्या समासात लिहायचा पुढचा प्रश्न.